आगीसाठी राखलेला हंडा
बांधावर कुणी उसाचं पाचट पेटवलं की त्या वासानं मला साखर कारखान्याचा तळ आठवतो. दुष्काळाचं साल होतं, टँकर आठवड्यातून दोनदाच यायचा. आम्हा ऊसतोड्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, वाळल्या पाचटाच्याच, एकीला एक लागून. म्हणून मी दाराशी रेशनकार्डाचं अन् कपड्यांचं बोचकं बांधून ठेवायची आणि शेजारी आगीसाठी राखलेला भरला हंडा. मुकादम येता-जाता त्यातलंच पाणी घेऊन पाय धुवायचा. वर म्हणायचा, "एवढं भ्या वाटतंय तर आलीस कशापायी?" एका दुपारी चुलीची ठिणगी उडाली आणि बघता बघता कोप्यांची रांग पेटली. डोक्यावर बोचकं, कमरेवर हंडा आणि लेकराचा हात धरून मी मोकळ्या रानात पळाले. माणसं सगळी वाचली. मागं मुकादमाची नवी मोटारसायकल तेवढी राहिली, तिच्या सीटनं नुकताच पेट घेतला होता. तो धावत माझ्याकडं आला. "वहिनी, तेवढा हंडा द्या, लई उपकार होतील!" त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याची वहिनी झाले. त्याच्या डोळ्यांत बघत मी हंडा कलता केला आणि सावकाश माझे पाय धुतले. अजूनही तो वास आला की पायांना तो गारवा जाणवतो, आणि जिवाला बरं वाटतं.