कॉम्प्युटरची हिस्सेवाटणी

घरात कॉम्प्युटर एक आणि भांडणारे आम्ही दोघं. धाकट्या भावाला त्यावर गाड्या पळवायच्या असत, त्याला विंडोज हवं. मला चिखलीच्या कॉलेजात लिनक्सचं प्रॅक्टिकल द्यायचं होतं आणि त्यात मी एकदा आपटले होते. "यंदा नापास झाली तं स्थळं पाहू," असं बाबांनी बजावलेलं. म्हणजे माझं लग्न लिनक्सच्या एका सीडीवर अडकलेलं!

एकाच डिस्कवर दोन्ही बसतात, फक्त तिचे दोन भाग करावे लागतात, असं मी जाहीर केलं. भाग म्हटल्याबरोबर बाबा ताटावरून उठले. गावातल्या वाटण्यांना पंच म्हणून बसण्यात त्यांचा जन्म गेलेला.

"रीत ठाऊक हाये ना? मोठ्यानं वाटे पाडायचे, लहान्यानं आधी उचलायचा."

"बाबा, ही डिस्क आहे, वावर नाही."

"वाटणी ते वाटणी. पाड."

पडद्यावर डिस्कची आडवी पट्टी आली. बाबांनी चष्मा लावून तिच्यावर बोट टेकवलं. "दोन वाट्यांमधला धुरा जरासा इकडं घे. हं, अजून." वितीनं मोजलं हो त्यांनी! काच पुसून पुसून माझा जीव गेला. भावानं आधी उचललं, अर्थात विंडोजचा वाटा. उरलेल्यात मी लिनक्स बसवलं.

दुसऱ्याच दिवशी धाकट्या साहेबांची तक्रार. कॉम्प्युटर सुरू केला की आधी लिनक्सची यादी येई, तिच्यातून विंडोज निवडावं लागे. "बाबा, माह्या वावरात जायचा रस्ता इच्या वावरातून हाये!"

"वहिवाट अडवू नको," बाबांनी मलाच दटावलं. अडवली कोणी? एक बटण दाबायला या राजाचे हात दुखत होते!

मग गाड्यांनी त्याचा वाटा भरून गेला. परीक्षा तोंडावर होती. भाऊबीजेला पाटावर बसून हा लाडात म्हणतो, "ताई, तुहा वाटा मले देऊन टाक ना. तू तं उद्या सासरी जाशीन. साडी घेऊन देतो तुले."

माझं डोकंच सणकलं. "काऊन बे? मी नापास होऊ काय तुह्या गाड्यांसाठी?" बाबांकडे पाहिलं तर ते मान डोलावत होते. त्यांच्या पंचगिरीत बहिणींनी नेहमी हक्कसोडीवर सहीच करून दिलेली.

इतके दिवस आई या वाटणीत एक शब्द बोलली नव्हती. ओवाळणीचं ताट हातात धरून म्हणाली, "देऊळगाव राजाकडचं माहेरचं वावर मीनं असंच सोडलं. भावायले सही करून देली, त्यायनं साडी घेतली. साडी दोन पावसाळेबी टिकली नाही. वावर अजून हाये तिथंच, कापूस पिकते त्याच्यात. तू देऊ नको."

बाबांनी घसा खाकरला. "तिचा वाटा तिलेच," म्हणाले आणि आईकडे न पाहता चिवड्यात हात घातला.

मी भावाला ओवाळलं, लाडू त्याच्या तोंडात जरा जोरातच कोंबला आणि लिनक्स लावून बसले. पास झाले, बरं का.