माहेरची तुती

थांबेकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. सगळी नोकरी त्यांनी शहराच्या बसवर ड्रायव्हर म्हणून काढली, आणि आरशात कुणी धावत येताना दिसलं की थांबा असो नसो, गाडी उभी करायची त्यांना खोड होती. कंडक्टर घंटी बडवून बडवून थकायचा, साहेब मेमो द्यायचे, पण खोड गेली नाही. त्यातून हे नाव पडलं, आणि असं चिकटलं की खरं आडनाव शेजाऱ्यांनाही आठवेना. अशा माणसाला म्हातारपणी स्वतःच्या बायकोला थांबवता येऊ नये, ही दैवाची थट्टा म्हणायची, दुसरं काय!

तिच्या विसरण्याची सुरुवात साधीच होती. दूध उतू गेलं, नळ चालू राहिला. एवढं तर कोण विसरत नाही? मग एका संध्याकाळी ती चपला घालून फाटकाशी उभी राहिली.

"अहो, मला घरी सोडता का? आई वाट बघत असेल."

तिची आई जाऊन जमाना लोटला होता.

"अगं, हेच की आपलं घर," ते म्हणाले.

तिने घराकडे एकवार नजर टाकली आणि मान हलवली. "छे! आमच्या दारात तुती आहे."

तेव्हापासून रोज संध्याकाळी तेच. फाटकाला कुलूप घातलं, तर ती हातांनी बडवत बसायची. तळवे सुजायचे. थांबेकर कुलूप काढायचे, तिला कोपऱ्यापर्यंत फिरवून आणायचे, पुन्हा घालायचे. पाच मिनिटांसाठी डोळा लागला तेवढ्यात एकदा ती निसटली आणि थेट मोठ्या रस्त्यावर, ट्रकांच्या मधोमध सापडली. वाहतूक पोलिसाने हाताला धरून आणून सोडली.

लेक धावत आली. रडून झालं, मग डोळे पुसून म्हणाली, "बाबा, आता पुन्हा असं झालं तर मी आईला संस्थेत ठेवणार. जागा बघून ठेवलीये. स्वच्छ आहे, माणसं चांगली आहेत."

"आणि मी?"

"तुम्ही भेटायला जायचं ना."

बायकोला भेटायला जायचं! सोबत म्हातारं व्हायचं ठरलं होतं, आणि आता तिच्याशी बोलायला रजिस्टरवर सही करून आत जायचं. थांबेकरांना तो विचारच सहन होईना.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. थांबेकरांनी काडी नाही, अख्खं झाड धरलं. तिचं माहेर कधीच पाडलं होतं. तिथे आता मोटारींची शोरूम होती. पण ती तुती तिच्या तोंडून त्यांनी इतक्यांदा ऐकली होती की पूर्वी जांभई यायची. आता तेच एकेक आठवून त्यांनी जमवलं. खोड रस्त्याकडे कललेलं. खालची एक जाड फांदी दाराच्या समोर आडवी आलेली. तिच्यावर पाय सोडून बसायचं, अभ्यास मांडीवर, आणि ओठ जांभळे.

"एखादं रोप लावा की," शेजारीण म्हणाली. "तुती काय, भराभर वाढते."

"रोप वाढेपर्यंत ती कुठे आणि मी कुठे, वहिनी!"

नर्सरीवाला बोलघेवडा होता. "सगळे सरळ झाड मागतात, तुम्हाला वाकडंच हवं? आणि मुलगी बघायला आल्यासारखं फांदी-फांदी काय निरखताय?" शेवटी खतांच्या पोत्यांमागे एक कललेली, वयात आलेली तुती निघाली. तिला कुणी गिऱ्हाईकच नव्हतं. पण ती पानांनी भरलेली होती. "आत्ता नका हलवू. पानं गळून जाऊ द्या, मग नेऊ. नाहीतर धक्का खाईल."

"मला तेवढा वेळ नाही."

"मग निम्म्याहून जास्त फांद्या छाटाव्या लागतील, साहेब."

"छाटा. खालच्या फांदीला मात्र हात लावायचा नाही."

मुळांचा गड्डा गोणपाटात बांधून झाड आलं, पण क्रेन फाटकातून आत जाईना. थांबेकरांनी मागचापुढचा विचार न करता कडेची भिंत पाडायला लावली. मग स्वतःच पुढे होऊन ओरडू लागले, "येऊ दे, येऊ दे, डावं मार... बस!" झाड खड्ड्यावर लोंबत असताना ते घरात पळाले, दारात उभे राहून बघितलं, पुन्हा बाहेर आले. "जरा फिरवा." असं इतक्यांदा झालं की क्रेनवाल्याने हात जोडले.

माती लोटली, टेकू लावले. बायकोला हाताला धरून बाहेर आणलं. तिने त्या छाटलेल्या बुंध्याकडे पाहिलं. "हा खांब कशाला रोवलाय? अहो, मला घरी सोडा ना."

उरलेली पानंही गळली. थांबेकर सकाळ-संध्याकाळ बोटाने माती चाचपायचे, पाणी द्यायचे. भिंतीच्या भगदाडाला त्यांनी पत्रा बांधला होता, पण पत्रा तो पत्राच. एका दुपारी तो बाजूला सरकवून ती गेलीच. ज्या झाडाने तिला थांबवायचं, त्याच्यासाठी पाडलेल्या वाटेने गेली! मागच्या गल्लीत सापडली, गुडघा फुटलेला. थांबेकरांनी लेकीला कळू दिलं नाही. शेजारणीने कळवलं.

"रविवारी गाडी घेऊन येते, बाबा. आईचे कपडे भरून ठेवा."

त्यांनी बॅग काढली. एक साडी घडी करून ठेवली आणि पुढे हात चालेना. बाहेर जाऊन ते झाडावर तुटून पडले. "मेल्या, जगायचं नव्हतं तर आलास कशाला? माझं घर मोडायला?" आणि बुंध्याला कपाळ टेकून रडले. गल्ली बघत होती. बघेना का.

शुक्रवारी खालच्या फांदीवर हिरवे ठिपके दिसले. शनिवारी त्यांची पानं झाली, जेमतेम नखाएवढी. रविवारी सकाळी बायको दारात आली आणि थबकली. बराच वेळ बघत राहिली. मग तरातरा चालत गेली, फांदीवरून हात फिरवला, आणि साडी सावरून तिच्यावर बसली. पाय हलवत.

"आले बाई एकदाची," ती म्हणाली.

थांबेकर पायरीवर बसले. त्यांना हसू येत होतं आणि रडूही. लेक आली तेव्हा आई गुणगुणत होती. लेकीने आत येऊन अर्धवट भरलेली बॅग पाहिली, आणि त्यातली साडी कपाटात ठेवली.

संध्याकाळ झाली. चपला जागच्या जागी राहिल्या. थांबेकर चहाचा कप घेऊन फांदीपाशी गेले. "चल, आत चल. गार पडलंय."

ती चटकन उतरून दोन पावलं मागे सरली. पदर नीट केला.

"काका, तुम्ही कुणाकडे आलात? बाबा घरी नाहीत. परक्या माणसाला आत घ्यायचं नाही, असं सांगून गेलेत."

"आई, अगं हे—" लेक पुढे झाली. थांबेकरांनी हाताने तिला थोपवलं.

मागच्या खोलीत करवत होती, हे त्यांच्या मनात येऊन गेलं. एक फांदी कापली की ती पुन्हा त्यांना अहो म्हणणार होती, आणि पुन्हा रस्त्यावर जाणार होती. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

"बरोबर सांगितलंय बाबांनी," ते म्हणाले. "येतो मी. हा चहा तेवढा घे, पोरी."

तिने कप घेतला. ते फाटकाबाहेर आले आणि कडी लावली. ती फांदीपाशी उभी राहून, हा माणूस खरंच जातोय ना, हे बघत होती, म्हणून त्यांना तिथे थांबता आलं नाही. कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते चालत गेले.