आक्का थोड्या रागावल्या होत्या

आक्का कधी स्वतःहून फोन ठेवत नसत. केळीच्या पानावरचे डाग कसले ते सांगून झालेलं असे, फवारणी कधी करायची तेही ठरलेलं असे, तरी त्या कानाला हेडफोन लावून थांबत. मग पलीकडून हळूच निघे, "आणि आक्का, पोरीचं जमलं बरं का." "कुठं दिली?" आक्का विचारत, आणि पुढचा फोन बिचारा वाजत राही.

आमची कंपनी केळीबागायतदारांसाठी मोबाइल अ‍ॅप बनवत होती. पानाचा फोटो पाठवायचा, अ‍ॅपनं रोग सांगायचा. बुऱ्हाणपुरात शनवारा भागात एका औषधाच्या दुकानावर दोन खोल्यांत आम्ही पाच-सात पोरंपोरी बसायचो. ज्यांना अ‍ॅप जमत नसे त्यांचे फोन आक्का घेत. त्या आधी शाळेत शिकवायच्या. शाळा बंद पडली तेव्हा नीरजसरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, त्यांना बोलावून आणलं. लहानपणी सर त्यांच्याच वर्गात होते. त्यामुळे सगळ्यांसमोर 'सर' म्हणणाऱ्या आक्का ते उपाशी दिसले की म्हणत, "नीरज, पहले खा लो, फिर मीटिंग करना." आणि सर मुकाट्यानं डबा उघडत.

एका उन्हाळ्यात वादळ आलं. खकनारपासून तुकईथडपर्यंत घड लागलेल्या बागा आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी फोन थांबेनात. डोईफोडिया गावचा एक माणूस नुसता रडत होता. अ‍ॅपकडे त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं, आक्कांकडेही नव्हतं. त्या एवढंच म्हणत राहिल्या, "हो भाऊ. ऐकून राहिली मी. बोला." संध्याकाळी त्यांचा आवाज बसला होता. मी चहा नेऊन दिला तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या दादाची बागही पडली. सकाळीच कळलं." दिवसभर त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

कंपनी मोठी झाली. इंदुरात कार्यालय झालं, काचेचं. सर तिकडे राहायला गेले. दहावा वर्धापनदिन मात्र बुऱ्हाणपुरातच करायचा, असं त्यांनीच ठरवलं. हॉल घेतला, फुलं लावली, सगळ्यांना कंपनीचं नाव छापलेले टी-शर्ट वाटले. आक्कांनी तो साडीवरच घातला आणि आम्ही पोट धरून हसलो. मग सर मंचावर उभे राहून प्रत्येकाचं नाव घेऊन आभार मानू लागले. आक्कांचं नाव शेवटी आलं. "आक्का नहीं होतीं तो यह कंपनी नहीं होती," ते म्हणाले. सगळा हॉल उभा राहिला. आक्कांनी हात जोडले आणि माइकवर म्हणाल्या, "तुम्ही पोरांनी मला पुन्हा कामाची केली. देव तुमचं भलं करो."

जेवणं झाल्यावर त्या बाहेर पायऱ्यांवर बसलेल्या दिसल्या. मी शेजारी बसले.

"दमलात का?"

"नाही गं." त्यांनी अंगातला टी-शर्ट सारखा केला. "उद्यापासून मी नाही बेटा. फोनवर आता मशीन बोलणार आहे."

"कुणी सांगितलं?"

"नीरजनं. परवाच. म्हणाला, आक्का, किसी को मत बताना, फंक्शन खराब होगा."

"आणि तुम्ही तसंच मंचावर गेलात?"

"मग काय करू? पोरगा एवढा नटून उभा होता."

मग आम्हा बाकीच्यांना इंदुरला नेलं. आक्का बुऱ्हाणपुरातच, लालबाग भागातल्या घरी राहिल्या. त्यांचे यजमान कागदकारखान्यातून निवृत्त झालेले, डोळ्यांनी अधू. पुढच्या वर्षी वर्धापनदिन इंदुरला होता, जुन्या लोकांनाही आमंत्रण होतं. मी आक्कांना आणायला गेले तेव्हा त्या ओळखू येईनात. मूत्रपिंडं निकामी झाली होती, चेहरा सुजला होता. ओट्यावर एक शेतकरी पिशवीतून केळीचं पान काढून बसला होता. "मशीनशी बोलता येत नाही म्हणतात, मग इथं येतात," यजमान म्हणाले. आक्का पान उजेडात धरून पाहत होत्या.

तो गेल्यावर मी आमंत्रणाचं बोलले.

"मी तिथं येऊन काय करू?" आक्का म्हणाल्या. "तुम्ही लोक खाऊन-पिऊन या. नीरजला सांग, आक्का रागावली नाही."

मी निघाले, चपला घातल्या. तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"खरं सांगू? थोडी रागावली आहे. पण ते नको सांगू."

कार्यक्रमात सरांनी मला गाठलंच. "आक्का क्यों नहीं आईं? नाराज हैं क्या?" खोटं बोलायचं मी वाटेत ठरवून आले होते. पण त्यांचा चेहरा पाहून म्हटलं, "हाँ सर. थोड़ी सी." मंचावरून सरांच्या नावाचा पुकारा झाला तरी ते थोडा वेळ तिथंच उभे होते.

त्याच आठवड्यात ते एकटेच गाडी घेऊन बुऱ्हाणपूरला गेले. परत आल्यावर मला केबिनमध्ये बोलावून त्यांनी हे सांगितलं. आक्का आत खाटेवर होत्या, शुद्ध हरपलेली. यजमान दाराशी आले. सरांचा चेहरा त्यांना दिसला नसावा. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "माफ करा भाऊ, तिला आता बोलता येत नाही. कुठून आलात? काय झालं तुमच्या केळीला?"

"मी नीरज आहे, हे सांगायला माझं तोंडच उघडेना," सर म्हणाले. मग खुर्ची वळवून ते खिडकीकडे तोंड करून बसले. आक्का दुसऱ्या दिवशी पहाटे गेल्या.