अक्कांचा करंट

जगातल्या कुठल्याही बिघाडाचं कारण जयनगरच्या आमच्या घरमालकीणबाईंना ठाऊक नाही, असं कधी झालंच नाही. बाई मूळच्या बेळगावकडच्या, वय जेमतेम पस्तिशीचं, पण साऱ्या गल्लीच्या अक्का. नव्वदच्या दशकात मी नोकरीसाठी पुण्याहून या कानडी मुलखात येऊन त्यांच्या माडीवर राहू लागलो, तेव्हा माझ्या सर्दीचं खापर त्यांनी उशीवर फोडलं आणि उशी उन्हात टाकली. शेजाऱ्यांची स्कूटर सुरू होईना, तर म्हणाल्या, "तोंड दक्षिणेकडं करून लावलंय, कशी चालू होईल?" वळवल्यावर ती खरोखरच सुरू झाली, आणि तेव्हापासून अक्कांशी वाद घालायची कुणाची छाती होईना.

पुढे त्यांचाच डावा पाय बधिर होऊ लागला. दोष चपलेचा ठरला; नवा जोड आला, तरी पाय तसाच. मग एका डोळ्याला धूसर दिसू लागलं. या खेपेला व्होल्टेजने शिव्या खाल्ल्या आणि अक्कांच्या यजमानांनी घरातले सगळे बल्ब बदलले. काही आठवड्यांत डोळा आपोआप निवळला, श्रेय बल्बांना गेलं. नंतर मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत करंट जायला लागला. अक्कांनी वायरमन बोलावून इडलीच्या पिठाचा ग्राइंडर तपासून घेतला. "सगळं सरी आहे, अक्का," सगळं ठीक आहे, असं तो कानडी मिसळून परोपरीने सांगत होता. अक्कांनी ग्राइंडरला हात लावणंच बंद केलं.

एका दुपारी सबंध जयनगरची वीज गेली होती. पायरीवर बसून भाजी निवडताना अक्का खाली वाकल्या आणि दचकल्या. "लाइट नाही की हो. मग करंट कुठनं आला?" त्यांनी मला कारण विचारण्याची ही पहिलीच वेळ. मला त्यांचा फार लळा होता. पाय, डोळा आणि करंट ही एकाच दुखण्याची लक्षणं असतील, हे तेव्हा कुठे डोक्यात आलं. "अक्का, मोठ्या डॉक्टरांना दाखवू," मी म्हणालो, आणि त्या मुकाट्याने तयार झाल्या.

मेंदूच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, एमआरआय काढला आणि मल्टिपल स्क्लेरोसिस असं नाव सांगितलं. शरीर आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडतं म्हणे. "कशानं होतं?" अक्कांनी विचारलं. ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

परतताना रिक्षात त्या यजमानांच्या आणि माझ्या मधे बसल्या होत्या. घर जवळ आल्यावर हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझं काही चुकलं म्हणून हे झालं नव्हतं तर."

मी म्हणालो, "काहीच नाही चुकलं, अक्का."