खूर हातात असताना

घोडी असलेल्या घरात किस्से कधी कमी पडत नाहीत. कुणी पडतं, कुणी पडता पडता वाचतं, आणि चहाचा दुसरा कप येईपर्यंत त्याचा किस्सा झालेला असतो. माझ्या थोरल्या भावाकडे, अण्णाकडे, डिंगोऱ्यात वरातीची पांढरी घोडी आहे. तिचं नाव मैना. आमच्या घरातले निम्मे किस्से तिचे आणि उरलेले तिच्यापायी झालेले.

बातमी आली तो अगदी साधा दिवस होता. नारायणगावातली आमची शाळा, मधली सुट्टी, डब्यात मेथीची भाजी, बाहेर टोमॅटोच्या गाड्यांचे हॉर्न. वहिनीचा फोन आला.

"ताई, अण्णा गेलं."

सकाळी अंगणातल्या खुर्चीत चहा पिता पिता. हार्ट अटॅक.

तेव्हापासून भेटायला येणारी माणसं दोनच प्रश्न विचारतात. पहिला दबक्या आवाजात: "घोडीनं लाथ मारली का हो?" दुसरा जरा वेळाने: "तुमचं शेवटचं काय बोलणं झालं?"

पहिल्याचं उत्तर "नाही" असं आहे. पण नुसत्या "नाही"वर कुणाचा विश्वास बसत नाही. वहिनीला मैना ठेवायची आहे, आणि माणूस मारणारी घोडी असं एकदा नाव झालं की तिला वरातीला कोण बोलावणार? म्हणून मी किस्से सांगते.

*

अण्णाचा पहिला नियम शेडच्या पत्र्यावर ऑइल पेंटने लिहिलेला आहे: "मागून येताना आवाज द्या." घोड्याला नेमकं पाठीमागचं दिसत नाही. न सांगता कुणी आलं की आधी लाथ, मग चौकशी!

एकदा विम्याचे एक एजंट आले. टाय वगैरे लावलेले. मैनाच्या अगदी मागे उभे राहून हळूच म्हणाले, "एक्सक्यूज मी..."

मैनाचे कान मागे गेले. अण्णाने त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं.

"साहेब, जोरात बोला की! तिचं इंग्लिश कच्चं हाय!"

मग त्यांना फाटकाबाहेर पाठवून, "हो मैना, हो बाळा" म्हणत पुन्हा आत यायला लावलं. टायसकट.

*

घोडीवर डावीकडून चढायचं, आणि तेही लगाम धरणारा सांगेल तेव्हाच. पण पुण्याहून आलेल्या एका नवरदेवाच्या मित्रांना थांबवणार कोण! त्याचा पाय रिकिबीत जातो न जातो तोच चौघांनी खालून असा जोर लावला, की तो या बाजूने वर गेला आणि त्या बाजूने खाली आला. फेटा, गॉगल, सगळं घेऊन.

मैना जागची हलली नाही. अण्णा तिच्या मानेखालून पलीकडे वाकला.

"पावणं, नवरी हिकडं हाय. तिकडं कुठं निघालात?"

*

वरातीत अण्णा मैनाच्या कानात कापूस घालायचा. पण एका लग्नात डीजे असा, की दुकानांची शटरं थरथरत होती, आणि वर कुणीतरी तिच्या पायाशीच फटाके लावायला निघालेलं. अण्णाने वरातच थांबवली. नवरदेवाचा मामा अंगावर आला.

"ओ भाऊ, घोडी नाचायला आणलीय का झोपायला?"

"मामा, ती बिथरली तर तुमचा भाचा थेट आळेफाट्याला उतरंल!"

मामा ऐकेनात, तेव्हा अण्णाने नवरदेवाला सरळ खाली घेतलं. त्या गडबडीत त्याच्या मुंडावळ्या मैनाच्या कपाळावर अडकून राहिल्या. गर्दीतून वाट काढत अण्णा तिला घेऊन पुढे निघाला आणि वरातीच्या आधीच मांडवाच्या दारात पोहोचला. तिथे नवरीची आजी ताट घेऊन उभी. मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. आजीने मैनाला कुंकू लावलं, ओवाळलं आणि मागे वळून म्हणाली,

"पोरगा गुणाचा दिसतोय गं! मान खाली घालून उभा हाय!"

*

एकदा मैनाच्या पोटात दुखायला लागलं. सारखी कुशीकडे वळून बघायची, पाय आपटायची, खाली पडून लोळायला बघायची. डॉक्टर येईपर्यंत लोळू द्यायचं नाही, म्हणून अण्णा भर उन्हात तिला अंगणात फिरवत राहिला. वहिनी दारात उभी राहून बघत होती.

"माझं डोकं दुखलं की बामची बाटली दाखवता. आन् हिच्यासंगं बघा कसं फिरताय!"

"तुला सांगता येतं. तिला येतं का?"

तेव्हा आम्ही सगळे खूप हसलो होतो. जाण्याआधी आठवडाभर त्याच्या छातीत दुखत होतं, हे आम्हाला नंतर कळलं. सांगता तर त्यालाही येत होतं.

*

दुसरा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण घरात सगळ्यांना पाठ होता. अण्णाच्या हातात खूर असताना त्याला हाक मारायची नाही. एरवी आवाज द्या, तेव्हा मात्र तोंड बंद.

शेजारचे बाळूभाऊ एकदा विसरले. अण्णा वाकून, मैनाचा पुढचा पाय गुडघ्यांत धरून खुरात अडकलेले खडे काढत होता. भाऊंनी रस्त्यावरूनच खणखणीत हाक दिली, "जय भीम, अण्णा!"

मैनाने दचकून पाय सोडवला आणि नेमका अण्णाच्या पायावर ठेवला.

अण्णाने डोळे मिटले. "जय भीम, भाऊ. आता आलाच हाय, तर हिला जरा मागं सरकवा. मी खाली हाय!"

त्या अंगठ्याचं नख पुन्हा आलं, पण वाकडंच.

*

पुण्यानुमोदनाच्या दिवशी एका पाहुण्याने वहिनीच्या समोरच विचारलं, "घोडीनंच केलं ना शेवटी?"

मी एजंटाचा किस्सा काढणार, तोच वहिनी बोलली.

"मी आत भाकरी थापत व्हते. मला काय म्हाईत न्हाई. मैना वरडाया लागली, दावं तोडाया लागली, म्हणून भाईर आले. आवाज तिनं दिला, पावणं."

पाहुण्याने चहा खाली ठेवला. जाताना तो शेडजवळ थांबला, पत्र्यावरचं वाचलं आणि मोठ्याने म्हणाला,

"येतो गं, मैना!"

*

राहिला दुसरा प्रश्न.

अण्णा गेला त्याच्या आदल्या रविवारी मी मढहून, मैत्रिणीकडून परत येत होते. जीप डिंगोऱ्याच्या स्टॉपवर थांबली. एक बाई दोन पिशव्या घेऊन उतरत होत्या. अण्णाचं अंगण रस्त्याला लागूनच आहे. तो पाठमोरा होता, वाकलेला, मैनाचा पाय गुडघ्यांत.

मी खिडकीतून हात बाहेर काढला, तोंड उघडलं आणि मिटलं. खूर हातात होता. खाली ठेवला की आवाज देऊ, म्हणून थांबले. मैनाने माझ्याकडे कान वळवले. अण्णाने नाही बघितलं. एक खडा घट्ट बसला असावा, तो काही निघेना.

"झालं का? चला राव," ड्रायव्हर म्हणाला, आणि जीप निघाली.

आवाज द्यायचा राहिला.