रकान्यात नसलेला भाऊ

ऑर्फा नेपिअर तशी मवाळ बाई. फक्त हर्शेलला कुणी "तुझा मुलगा" म्हटलं की तिचा तोल जायचा. "भाऊ आहे तो माझा," ती म्हणायची, आणि समोरचा "हो गं बाई, भाऊ" म्हणेपर्यंत वाटेतून हलायची नाही.

त्याला कारण होतं. हर्शेल जन्मला तेव्हा आई चव्वेचाळीसची आणि ऑर्फा पंधराची. त्याच हिवाळ्यात ऑर्फाला कावीळ झाली, शाळा सुटली. मायलेकी तीन महिने डोंगराच्या घळीतल्या घरातून खाली उतरल्या नाहीत, आणि उतरल्या त्या डाउन सिंड्रोमचं बाळ घेऊनच. चर्चच्या पायरीवर त्यांच्याच घळीतली झेल्मा कोम्ब्स उभी होती. तिने एकदा बाळाकडे पाहिलं, एकदा ऑर्फाकडे, आणि शेजारणीला कोपर मारलं. तेवढं पुरलं. केंटकीच्या त्या डोंगरात बातमीला रस्ता लागत नाही. ऑर्फाचं ठरलेलं लग्नसुद्धा त्या कुजबुजीनेच मोडलं.

हर्शेल सात वर्षांचा असताना आई गेली. तेव्हापासून त्याचं न्हाणं-धुणं, बुटाच्या नाड्या, रात्रीची प्रार्थना, सगळं ऑर्फाकडे. कोळशाच्या खाणी बंद पडल्या, आणि उरला तो मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणारा एकच कारखाना. तिथे तिने एकोणीस वर्षं मशीन चालवलं. एक दिवस गैरहजर राहिलं की एक पॉइंट, आठ पॉइंट भरले की घरी. ऑर्फाच्या नावावर दोन होते, दोन्ही हर्शेलच्या दवाखान्याचे.

यंदा मार्चमध्ये तो ओसरीवरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेनंतर दोन महिने त्याच्याजवळ माणूस हवं होतं. घरच्या आजारपणासाठी कायद्याने बारा आठवडे बिनपगारी रजा मिळते आणि नोकरी जागेवर राहते, हे कारखान्यातल्या बायकांना तोंडपाठ. ऑर्फा फॉर्म भरायला ऑफिसात गेली.

"मिस ऑर्फा, यात भावाचा रकाना नाहीये हो," ऑफिसातली केटलिन म्हणाली. "नवरा-बायको, मूल, आईबाप. एवढेच."

"मग भाऊ काय शेजारी लागतो?"

केटलिन कसनुसं हसली. कागद उलटून म्हणाली, "एक विचारते. तुम्ही त्याला आईसारखं वाढवलंय का? म्हणजे तुमचाच मुलगा असल्यासारखा?"

दार उघडं होतं. बाहेर दोघी जणी आपल्या कामाला उभ्या होत्या. ऑर्फाच्या कानशिलांना चटका बसला.

"कुणी सांगितलं तुला हे? झेल्माने?"

"नाही हो, झेल्मा कोण? हे तर—"

"आण तो कागद." ऑर्फाने ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'हर्शेल नेपिअर माझा मुलगा नाही. कोणत्याही अर्थाने नाही. भाऊ आहे.' खाली सही केली. तारीखही घातली.

केटलिनने मग पुढे काही विचारलं नाही. संध्याकाळी अर्ज नामंजूर झाला.

हक्काची सुट्टी दोन आठवड्यांत संपली. हर्शेल दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. सरकारी मदतनीस बाई आली तर उशी फेकून मारली. ऑर्फा रोज सकाळी गैरहजेरी कळवायला कारखान्याला फोन करायची, आणि रेकॉर्ड केलेला आवाज रोज तिचे आभार मानायचा.

"ताई, पॉइंट म्हणजे काय?"

"बाजारात खेचर कामाचं उरलंय का, ते दात मोजून ठरवतात ना, तसं."

"मग तुझे किती?"

"भरत आलेत रे बाबा."

सहाव्या दिवशी आठ भरले. आठवड्याच्या आत कामावरून काढल्याचं पत्र आलं.

चर्चच्या हॉलमध्ये बुधवारी फुकट सल्ला देणारी वकीलबाई बसायची. तिने सगळं ऐकलं आणि चष्मा काढला. "अहो, ज्याने प्रत्यक्ष सांभाळून मोठं केलं, त्याला कायदा पालकच मानतो. जन्म कुणी दिला हे तो विचारत नाही. त्या पोरीने बरोबर प्रश्न विचारला होता."

"आणि मी 'कोणत्याही अर्थाने नाही' असं लिहून दिलं," ऑर्फा म्हणाली.

"आता तुमच्याच हातचा कागद आडवा येतोय. साक्षीदार आणा. आई गेल्यापासून तुम्हीच वाढवलंत हे डोळ्यांनी पाहिलेलं, जुनं माणूस."

घळीत जुनं माणूस एकच उरलं होतं.

झेल्मा ओसरीवर शेंगांच्या शिरा काढत होती. तिने साक्षीचा कागद दोनदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्याने. 'ऑर्फाने हर्शेलला पोटच्या मुलासारखं वाढवलं.'

"बेचाळीस वर्षं मी सांगतेय, आणि तू माझ्यावर डोळे वटारतेस. आलीस ना शेवटी?"

"आई गेल्यावर मी वाढवलं, एवढंच आहे त्यात, झेल्मामावशी."

"हो हो, एवढंच!" झेल्माने डोळा मिचकावला. "माझा हात थरथरतो हल्ली, पण यावर सही करायला नाही थरथरणार. दे पेन."

कागद ओढून घ्यावा, असं ऑर्फाच्या मनात आलं. तिने पेन दिलं.

कारखान्याने फार ताणलं नाही. पॉइंट पुसले, जुनं मशीन परत दिलं. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव घेऊन टेबलावर बसली. समोरच्या नव्या मुलीने अगदी मायेने विचारलं, "मिस ऑर्फा, मुलगा कसा आहे आता?"

टेबलावरचे चमचे थांबले. ऑर्फाने पावाचा तुकडा मोडला. तो कोरडा होता, हातातच भुगा झाला.

"चालायला लागलाय," ती म्हणाली.