अगातआत्याचे बटाटे

आम्ही मिकमॉक, या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी, एका जागी बसत नाही म्हणून उपाशी मरतो, असं सरकारचं म्हणणं होतं. आमचा समुद्रकाठ गोऱ्यांनी बळकावला, जंगलातली शिकार त्यांनीच संपवली, याचा त्यात उल्लेख नव्हता. चोर तर चोर, वर शिरजोर!

सरकारने आमच्यावर नेमलेला ग्रँटली साहेब पक्का दीडशहाणा होता. "घर बांधा, बटाटे लावा, हलू नका. जमीन तुमची," असं त्याने अगातआत्याला सांगितलं. आत्याने आणि तिच्या नवऱ्याने, प्लान्सवेने, झाडं तोडली, खुंट उपटले, लाकडी घर उभं केलं. बटाटेही झकास आले. त्या तुकड्यावर आत्याचा भारी जीव जडला.

पुढच्या हिवाळ्यात प्लान्सवे त्या घरात वारला. माणूस गेलेल्या घरात आम्ही लगेच राहत नाही, त्याला सुखाने निघू देतो. आत्या हाकेच्या अंतरावर, नदीकाठी बर्च झाडाच्या सालींची झोपडी घालून राहिली. पेरणीला परतणार होती. बर्फ वितळायच्या आतच तिच्या घराच्या धुराड्यातून धूर निघायला लागला. साहेबाने घरजमीन एका स्कॉटिश कुटुंबाला देऊन टाकली होती.

आत्या तडक त्याच्याकडे गेली. मी सोबत होतो.

"साहेब, माझ्या घरात माणसं शिरलीत."

"घर तूच टाकलंस, बाई."

"टाकलं नाही हो. माझा माणूस गेला तिथे. झोपडीतून घर दिसतंय की मला!"

"तुम्ही लोक एका जागी टिकतच नाही."

"आणि तुमचा बाप? समुद्र ओलांडून आला, तो टिकून होता वाटतं?"

साहेब लालबुंद झाला. मला हसू आवरेना. पण घर गेलं ते गेलंच.

पेरणीच्या दिवसांत साहेब स्वतः झोपडीवर आला. सरकारी मदत म्हणून बियाण्याच्या बटाट्यांचं पोतं आणलं होतं.

"हे लाव, बाई."

"कुठे लावू? तुमच्या डोक्यावर?"

त्या निर्लज्जाला त्याचंही काही वाटलं नाही. पाऊस आला म्हणून तो आत येऊन बसला. दारी आलेल्याला आधी जेवू घालायचं, मग तो कसलाही असो, ही आमची रीत. झोपडीत दुसरं काहीच नव्हतं. आत्याने त्याच पोत्यातले बटाटे उकडून पहिले त्याच्यापुढे ठेवले. साहेब मीठ मागून मागून जेवला.

त्यानंतर आत्याची मदत बंद झाली. साहेबाने वर कळवलं होतं, "हे लोक बियाणंसुद्धा खाऊन टाकतात."